अकरा फेरे

अणुवीज केंद्रांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयात तपासणीचे एकूण चारशे बारा फॉर्म होते. हा आकडा आधी कुणालाच नक्की ठाऊक नव्हता. ते दीडशेच्या आत आणा असं वरून फर्मान आलं, तेव्हा पहिल्यांदा ते मोजावे लागले, आणि मोजायलाच चार दिवस गेले.

काम तपासनीस बाईंच्या अंगावर पडलं. बाईंना त्या कार्यालयात एकोणीस वर्षं झाली होती. त्यातली शेवटची नऊ वर्षं त्या नदीकाठच्या जुन्या केंद्राची तपासणी करत होत्या. केंद्रातले लोक पाठीमागे त्यांना ‘टाचणी’ म्हणत. बाईंना हे माहीत होतं, आणि त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं.

“नवीन केंद्राला नुसत्या परवानग्या मिळवायला चौदा वर्षं लागतात,” साहेब त्यांना म्हणाले. साहेब म्हणजे कार्यालयाचे संचालक. बारीक अंगाचे, बोलताना चष्मा काढून पुसत राहणारे. “कागद म्हणजे सुरक्षितता नव्हे, हे मी तुम्हाला सांगायला नको. सहा आठवडे आहेत. एकेक फॉर्म घ्या आणि ठेवायचा की काढायचा ते सांगा. हात आखडता घेऊ नका.”

बाईंना हे मनापासून पटलेलं होतं. एक फॉर्म असा होता की दुसरा फॉर्म वेळेवर भरला आहे, एवढंच त्यात लिहायचं. जिन्याच्या कठड्याच्या रंगाची जाडी विचारणारे दोन वेगवेगळे फॉर्म होते आणि दोन्हींत जाडी वेगळी मागितलेली होती. तरीही हे काम टेबलावर बसून करायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. प्रत्येक फॉर्म केंद्रात जिथे भरला जातो तिथे जाऊन बघायचा.

“चारशे बारा ठिकाणी हिंडणार?” साहेबांनी विचारलं.

“इथे बसून केलं तर मी नुसते मथळे वाचीन, सर.”

साहेबांनी चष्मा पुसला आणि परवानगी दिली.

केंद्राने त्यांच्या सोबतीला देखभालीचा फोरमन दिला. फोरमन अठ्ठावन्न वर्षांचे, एकतीस वर्षं त्याच केंद्रात. आडवा बांधा, आवाज खणखणीत. कुठल्या खोलीत कुठला पाइप कुठून शिरतो हे त्यांना नकाशा न बघता सांगता यायचं. सुरुवातीचे दोन दिवस ते मोजकंच बोलले. बाई खरोखरच फॉर्म रद्द करायला आल्या आहेत याची खात्री पटल्यावर मात्र त्यांची कळी खुलली. “हा घ्या बाई, ह्याला तर आधी उडवा,” असं म्हणत ते स्वतःच एकेक कागद पुढे करायला लागले.

दुसऱ्या आठवड्यात टेलेक्स यंत्राचा फॉर्म निघाला. टेलेक्सची फीत ठीक आहे का, असं त्यात विचारलेलं होतं, आणि दर तिमाहीला ‘समाधानकारक’ असं उत्तर लिहिलेलं होतं.

“टेलेक्स कुठे आहे?” बाईंनी विचारलं.

“गेलं की हो भंगारात. तेव्हा माझे केस काळे होते.”

“मग समाधानकारक काय आहे?”

“नाही ते बरंच आहे,” फोरमन म्हणाले, आणि दोघंही हसले. खाली तपासनिसाची सही बाईंचीच होती. त्यावर बाई आणखी हसल्या. पद्धतच तशी होती. केंद्रातले लोक दर तिमाहीला शंभरावर फॉर्म भरून ठेवायचे. तपासनिसाने त्यातले दहा-बारा निवडून जागेवर पडताळायचे आणि उरलेल्यांवर सही करायची. सगळे पडताळायला वर्ष पुरलं नसतं.

चौथ्या आठवड्यात बाई अठ्ठ्याऐंशी नंबरच्या फॉर्मपाशी आल्या.

तो एका व्हॉल्व्हचा फॉर्म होता. अणुभट्टीतून काढलेलं वापरलेलं इंधन एका खोल हौदात पाण्याखाली ठेवतात. त्यावर कायम पाणी असावं लागतं. पाणी चढवायला पंप असतात, पंप बंद पडले तर दुसरे पंप असतात, आणि तेही बंद पडले तर वरच्या टाकीतलं पाणी आपसूक उतरावं म्हणून एक पाइप असतो. त्या पाइपावरचा व्हॉल्व्ह हाताने उघडायचा. त्याचं चाक पुरते अकरा फेरे फिरवायचं, पुन्हा अकरा फेरे उलटं फिरवून बंद करायचं, आणि चाक मोकळं फिरतं का ते लिहायचं, एवढंच त्या फॉर्मवर होतं.

“हा राहील,” बाई म्हणाल्या. “चला, बघून घेऊ.”

फोरमन जागचे हलले नाहीत. “आजच बघायचाय?”

“का? काही अडचण आहे?”

“अडचण अशी नाही. पण तो अवघड जागी आहे.”

ते हौदाच्या खालच्या मजल्यावर गेले. अरुंद बोळ होता, डोक्यावरून पाइप गेलेले, दिवे जाळीत बसवलेले. बोळाच्या टोकाला जमिनीपासून छतापर्यंत एक पोलादी पडदा होता. त्याच्या पलीकडून विजेच्या जाड केबल गेल्या होत्या. एका बाजूची आग दुसऱ्या बाजूला जाऊ नये म्हणून तो बसवलेला होता. त्याच्या चारी कडा झाळून पक्क्या केलेल्या होत्या.

“व्हॉल्व्ह?” बाईंनी विचारलं.

फोरमननी पडद्याकडे बोट केलं. “ह्याच्या मागे.”

“मागून रस्ता आहे?”

“नाही.”

बाईंनी पडद्यावर हात ठेवला. तो गार होता आणि त्याच्यावरचा रंग कुठेही खरवडलेला नव्हता. “हा कधी बसवला?”

“बारा वर्षं झाली.”

बाईंनी हातातला फॉर्म पुन्हा पाहिला. मागच्याच तिमाहीचा होता. ‘फेरे अकरा. चाक मोकळं.’ खाली फिटरची सही, तिच्याखाली फोरमनची, आणि शेवटी त्यांची स्वतःची. बारा वर्षांत चार-चारचे अठ्ठेचाळीस फॉर्म झाले होते. त्यातल्या छत्तीसांवर त्यांनी सही केली होती. दहा-बारा निवडताना नऊ वर्षांत हा एकदाही हाती लागला नव्हता. ह्या वेळी हसण्यासारखं काही नव्हतं.

“मी लिहून दिलं होतं,” फोरमन म्हणाले. आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. “पडदा उभा राहिला त्याच महिन्यात. ह्याला एक दार कापून द्या म्हटलं, माणूस आत जाईल एवढं. आगीच्या पडद्याला भोक पाडायचं म्हणजे सात सह्या लागतात. कागद तुमच्याच ऑफिसात गेला. दोनदा परत आला. मी दोनदा पुन्हा पाठवला. तिसऱ्यांदा गेला तो गेलाच.”

“आणि तोवर?”

“तोवर तिमाही आली. फॉर्म कोरा ठेवला की खुलासा मागतात. खुलासा दिला की चौकशी लागते. फिटर मला विचारायला लागला, काय लिहू? म्हटलं लिही अकरा. वाटलं, पुढच्या तिमाहीपर्यंत दार होईल.” ते थांबले. “मग सवय झाली, बाई.”

परत येताना जिन्यात फोरमन म्हणाले, “हे बघा, चारशे बारामधले अडीचशे उडणारच आहेत. त्यात हाही जाऊ द्या. पाणी द्यायचे आणखी दोन मार्ग आहेत, ते दोन्ही ठणठणीत. हा तिसरा. फॉर्म रद्द झाला की विषयच संपला. तुमचंही नाव त्यात आहे.”

ही धमकी नव्हती. त्यांना बाईंची काळजी वाटत होती आणि ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी साहेबांना सगळं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“आपण असं करू,” ते म्हणाले. “फॉर्म काढून टाकू. आणि केंद्राच्या प्रमुखांना मी फोन करून सांगतो, पुढच्या वेळी केंद्र देखभालीसाठी बंद ठेवाल तेव्हा पडद्याला दार करून घ्या म्हणून. काम होण्याशी मतलब.”

“पुढचा बंद कधी आहे?”

“सोळा महिन्यांनी.”

“आणि मागचे अठ्ठेचाळीस?”

“बाई,” साहेब म्हणाले, “हे सुलभीकरण व्हावं म्हणून मी सहा वर्षं डोकं फोडतोय. आत्ता हे बाहेर आलं तर लोक म्हणतील, बघा, एवढे फॉर्म असून ही तऱ्हा, मग कमी केल्यावर काय होईल? सगळं पुन्हा शीतपेटीत जाईल. तुम्हाला ते हवंय?”

बाईंना ते नको होतं. साहेबांचं म्हणणं खोटंही नव्हतं. “विचार करते,” एवढंच बोलून त्या बाहेर आल्या.

संध्याकाळी घरी स्वयंपाकघरात त्यांची नणंद मटार सोलत बसली होती. नणंद मोठ्या इस्पितळातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेली, चार वर्षांपूर्वी विधवा होऊन भावाकडे राहायला आलेली. वयाने ती बाईंपेक्षा मोठी, पण भावाची बायको म्हणून त्यांना वहिनीच म्हणायची. बाईही शेंगा घेऊन बसल्या आणि जागेचं नाव न घेता त्यांनी गोष्ट सांगितली.

“एवढंच ना?” नणंद म्हणाली. “आमच्या वॉर्डात पहाटेचा ताप म्हणजे सगळ्यांचा अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. खाटा चाळीस आणि आम्ही दोघी. थर्मामीटर तीन, त्यातला एक फुटका. तक्ता कोरा दिसला की मेट्रन फैलावर घ्यायची. भरलेला असला की ढुंकून बघायची नाही.”

“कुणी पकडलं नाही कधी?”

“कोण पकडणार? पकडणारीच सही करायची.” ती आपल्याच बोलण्यावर हसली. “आता तू म्हणशील, मनाला लागून राहिलं असेल. छे. मला अगदी गाढ झोप लागते.”

“पण ताई, त्यातल्या एखाद्याला खरंच ताप असता तर?”

“तर कळलं असतं की. कपाळाला हात लावून बघायचो ना आम्ही.” नणंदेने मान वर केली. “हात लावला नाही असं मी कधी म्हटलं? आकडा खोटा, पण हात प्रत्येकाला लावलेला. हात न लावता कसं लिहिणार गं?”

बाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

दुकान बंद करून आलेले त्यांचे यजमान दारात उभं राहून शेवटचं ऐकत होते. गावात त्यांचं औषधाचं दुकान होतं. “तुझं नाव येईल का ह्यात?” त्यांनी विचारलं.

“येईल.”

“नोकरी जाईल?”

“जाणार नाही. बाकी बरंच काही जाईल.”

त्यांनी मान डोलावली आणि ते हातपाय धुवायला गेले. ह्या विषयावर त्या घरात पुढे चर्चा झाली नाही.

दुसऱ्या दिवशी बाई कार्यालयाच्या अभिलेख खोलीत गेल्या. खाली तळघरात तीन ओळींत लोखंडी मांडण्या होत्या. फोरमन म्हणाले ते खरं आहे का, हे त्यांना पाहायचं होतं. दुपारपर्यंत फाइल सापडली. अर्ज होता, सोबत दाराचा हाताने काढलेला नकाशा होता, मोजमापासकट. पहिल्या तीन सह्या झालेल्या होत्या. चौथ्या जागी सहीऐवजी एकच शेरा होता: ‘चर्चा करावी.’ त्याखाली आद्याक्षरं होती. त्यानंतर फाइलमध्ये काही नव्हतं.

ते अक्षर बाईंनी लगेच ओळखलं. त्या फाइल घेऊन वर गेल्या आणि साहेबांच्या टेबलावर उघडून ठेवली.

साहेबांनी वाचलं. चष्मा काढला, पण ह्या वेळी पुसला नाही. “मी तेव्हा आगीच्या शाखेत होतो,” ते म्हणाले. “मला हे अजिबात आठवत नाही.”

“मलाही त्या छत्तीस सह्यांमधली एकही आठवत नाही.”

“चर्चा झालीच नाही वाटतं.”

“नाही.”

मग साहेब म्हणाले, “म्हणजे आता तुम्ही अहवाल लिहिणार.”

“हो. आधी माझं लिहिणार. मग केंद्राचं.”

“आणि माझं?”

बाईंचं ते अजून ठरलं नव्हतं.

“माझं तुम्ही लिहू नका,” साहेब म्हणाले. “ते मी लिहितो.”

त्यांनी ते खरोखर लिहिलं. अर्धं पान होतं, स्वतःच्या हाताने लिहिलेलं. त्यात एकही सबब नव्हती. बाईंच्या अहवालाला ते जोडलं आणि अहवाल त्याच दिवशी वर गेला.

अहवाल वर जाण्याआधी फोरमनना बाईंनी स्वतः जाऊन सांगितलं. कागदावरून कळावं असं त्यांना वाटलं नाही. फोरमन कार्यशाळेत होते. त्यांनी ऐकलं, हातमोजे काढून बाकावर ठेवले.

“माझ्या अर्जाचं लिहिलंत?”

“लिहिलं. फाइल सापडली. तुम्ही तीनदा पाठवला होता, हे पहिल्याच परिच्छेदात आहे.”

“मग अकरा मी का लिहिले, ते?”

“तेही आहे.”

“बाई, तुम्हाला गप्प बसता आलं असतं.”

“आलं असतं.”

“मी तुम्हाला त्या बोळात नेलंच नसतं तर?”

“नेलंत तुम्ही,” बाई म्हणाल्या.

फोरमननी हातमोजे पुन्हा चढवले आणि पाठ फिरवली.

केंद्राचा तो भाग एकोणीस दिवस बंद राहिला. पडद्याला दार कापलं. पहिल्यांदा आत शिरला तो फिटर. त्याच्या मागोमाग बाई अंग चोरून आत गेल्या. चाकावर बोटभर धूळ होती. फिटरने दोन्ही हातांनी जोर लावला. चाक करकरलं, मग फिरायला लागलं. बाई मोठ्याने मोजत होत्या. सातव्या फेऱ्याला चाक अडलं, आणि मग दोन माणसांनी लोंबकळूनही ते पुढे सरकलं नाही.

सात फेऱ्यांत पुरेसं पाणी उतरलं असतं का, यावर दोन अहवाल निघाले. एका तज्ज्ञाने गणित करून पुरलं असतं असं म्हटलं. दुसऱ्याने तसंच गणित करून पुरलं नसतं असं म्हटलं. दोन्ही अहवाल एकाच फाइलमध्ये लावून ठेवले आहेत. व्हॉल्व्ह बदलला गेल्यामुळे आता ते कधीच कळणार नाही.

बाईंना लेखी ताकीद मिळाली आणि त्यांची वरिष्ठ पदासाठीची शिफारस मागे घेतली गेली. साहेबांना राजधानीतल्या मोठ्या जागेवर जायचं होतं, तिथे दुसरं कुणी गेलं. फोरमनकडून देखभालीचं काम काढून घेऊन त्यांना भांडारात बसवलं. एकतीस वर्षं ज्यांनी अख्खं केंद्र पायाखाली घातलं, ते आता खिडकीमागे बसून हेल्मेट आणि मोजे वाटत होते.

सुलभीकरण मात्र थांबलं नाही. साहेबांची भीती अर्धीच खरी ठरली. काम आठ महिने रखडलं आणि मग पुन्हा सुरू झालं. बाईंनी यादी पुरी केली तेव्हा एकशे एकोणचाळीस फॉर्म उरले. त्यांनी सोबत आणखी दोन गोष्टी मागितल्या होत्या. कोऱ्या फॉर्मवर शिक्षा नको, आणि तपासनिसाचा निम्मा वेळ जागेवर जावा. पहिली मान्य झाली. दुसरीला मनुष्यबळाचं कारण दाखवून नकार आला. पडद्याला दार कापायच्या परवानगीला आता सातऐवजी दोन सह्या लागतात. मंत्र्यांनी भाषणात चारशे बारा आणि एकशे एकोणचाळीस हे दोन आकडे सांगितले. टाळ्या पडल्या. व्हॉल्व्हचा उल्लेख त्यांनी केला नाही, आणि बाईंनी तशी अपेक्षाही ठेवली नव्हती.

फोरमन त्यानंतर बाईंशी बोलले नाहीत. तपासणीला जाताना हेल्मेट घ्यायला भांडाराच्या खिडकीशी जावंच लागे. ते न विचारता योग्य मापाचं हेल्मेट पुढे सरकवायचे आणि नोंदवही फिरवून सहीची जागा दाखवायचे. बाई सही करून “आभारी आहे” म्हणायच्या. ते मान हलवायचे नाहीत. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमाचं बाईंना बोलावणं नव्हतं. रक्तदाबाच्या गोळ्या मात्र ते बाईंच्या यजमानांच्या दुकानातूनच न्यायचे, आणि तिथे हवापाण्याच्या गप्पाही मारायचे.

निवृत्तीनंतर पाच महिन्यांनी कार्यालयात बाईंच्या नावावर एक पाकीट आलं. आत रेघांच्या वहीचे तीन कागद होते. मायना नव्हता, खाली सही नव्हती. प्रत्येक कागदावर केंद्रातल्या एकेका जागेचा हाताने काढलेला नकाशा होता, मोजमापासकट, आणि वर फॉर्मचा नवा नंबर. नकाशाखाली एक ओळ: ‘इथे शिडी पोचत नाही.’ दुसऱ्यावर: ‘हे मीटर दिसतं, पण वाचता येत नाही.’ तिसऱ्यावर: ‘इथे कुणी जात नाही.’

बाईंनी ते साहेबांना दाखवले.

“त्यांनी रागाने लिहिलेत का हे?” साहेबांनी विचारलं.

“बघून येते.”

त्या दुसऱ्या दिवशी सकाळीच गेल्या. शिडी खरंच पोचत नव्हती. मीटरची काच पिवळी पडून आतला काटा दिसेनासा झाला होता. तिसऱ्या जागी मात्र सगळं जागच्या जागी होतं. तिथला फिटर नेमाने जात होता, आणि धुळीत त्याच्या बुटांचे ताजे ठसे होते.

“म्हणजे तिसरं चुकीचं,” संध्याकाळी साहेब म्हणाले.

“आजचं चुकीचं,” बाई म्हणाल्या. त्यांनी तिन्ही कागद फाइलला लावले, पाठवणाऱ्याच्या रकान्यात ‘निवृत्त फोरमन, देखभाल’ असं लिहिलं, आणि महिन्याभराने पुन्हा त्या तिसऱ्या जागी जायची तारीख नोंदवून ठेवली.